मागचा ब्रेक

१

कडेगावच्या त्या घरात सकाळ दोनदा व्हायची. एकदा कोंबड्याची आणि एकदा सुभेदारांची.

सुभेदार नाथाजी फौजेत गाड्यांचे मिस्त्री होते. फौजेत रोज गाडी बाहेर काढण्याआधी ती नखशिखान्त तपासायची असते. तिला फर्स्ट परेड म्हणतात. पेन्शन घेऊन गावी आले तरी त्यांची ही परेड काही सुटली नाही. फक्त ट्रकच्या जागी मोटरसायकल आली. निलगिरीला पोस्टिंगवर असताना चहामळ्याच्या एका म्हाताऱ्या मालकाकडून त्यांनी ती घेतली होती. जर्मन बनावटीची, लांबच्या प्रवासासाठी केलेली, जुनी पण धडधाकट. पुढं वारा अडवणारी रुंद छाती, मागं दोन्ही अंगांना पेट्या, आणि तिघं बसतील अशी ऐसपैस सीट. गाव तिला रेडा म्हणायचं.

रेड्याची परेड दोघांची असे. सुभेदार सीटवर बसून चावी फिरवायचे. त्यांची बायको विजयमाला अंगण झाडता झाडता, खराटा हातात तसाच धरून, गाडीच्या मागं जाऊन उभी राहायची. ते हातानं पुढचा ब्रेक दाबत. ती ओरडे, "लागली!" ते पायानं मागचा दाबत, पॅडल सुटताना टक् असा आवाज येई, आणि ती पुन्हा, "लागली!" म्हणजे मागची बत्ती लागली. मग सुभेदारांच्या पुढ्यातला एक लाल दिवा विझायचा. त्या गाडीची तशी रीतच होती. चावी फिरवली की तो दिवा पेटे. पुढचा आणि मागचा असे दोन्ही ब्रेक एकेकदा दाबून, दोन्ही वेळा मागची बत्ती खरंच लागते अशी गाडीची खात्री पटली की मगच तो विझे.

"आप्पा, गाडीच सांगते की बत्ती लागली म्हणून," त्यांची लेक ज्ञानदा शाळेत असताना म्हणायची. "मग आईला कशाला उभं करता मागं?"

"दिवा सांगतो ते गाडीचं झालं," सुभेदार म्हणायचे. "आपल्या माणसानं बघितलेलं येगळं."

आणि एक नियम होता. लाल दिवा पेटलेला असताना गाडी फाटकाबाहेर जायची नाही. लग्न असो, मयत असो.

सुभेदारांना जाऊन आता वर्ष होत आलं होतं. दर वर्षी थंडीत, सिद्धनाथाच्या रथाच्या आधी, ती दोघं याच गाडीवरून म्हसवडला जात. मागच्या खेपेला शेतात ऊसतोडीची टोळी उतरली होती, म्हणून विजयमाला घरी थांबली आणि ते एकटे गेले. मायणी ओलांडल्यावर एका मोरीपाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली, मोठ्या स्टँडवर नीट उभी केली, चावी काढून खिशात घातली, मोरीच्या कठड्यावर बसले आणि तिथंच गेले. ज्ञानदा तेव्हा जर्मनीत शिकत होती. विमान मिळेपर्यंत इथलं सगळं आटपलेलं होतं. बापाचं शेवटचं तोंड तिनं फोनच्या काचेत पाहिलं, तेही कुणाच्या तरी थरथरत्या हातातून.

ती परत आली ती कायमची. तिकडच्या नोकरीच्या दोन पत्रांना तिनं उत्तरही दिलं नव्हतं. माधवनगरात बंद पडलेल्या यंत्रमागांची एक शेड तिनं भाड्यानं घेतली. खेड्यापाड्यातल्या पोरींना तिथं मोटारी, बॅटऱ्या, वायरिंग शिकवायचं. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या पोरीच्या हातात मल्टिमीटर द्यायचा. हे बोलायला लागली की तिचे कान लाल होत. शेडच्या वर राहायला दोन खोल्या होत्या. एक आपली, एक आईची, असं तिनं ठरवूनही टाकलं होतं.

पण आई घर सोडेना. वर्षभरात विजयमाला फाटकाबाहेर पडली नव्हती. ताटातली भाकरी अर्धी उरे. दुपारभर ती ओसरीच्या खांबाला टेकून रस्त्याकडं बघत बसे, आणि मोठ्या इंजिनाचा आवाज आला की तिची मान वळे. असंच चाललं तर आईसुद्धा हातची जाणार, हे कळायला ज्ञानदाला डॉक्टरची गरज नव्हती.

"तू म्हणशील ते करते," एक दिवस ती आईच्या पायाशी बसून म्हणाली. "पण माझ्याबरोबर चल."

विजयमालानं रस्त्यावरची नजर तिच्याकडं वळवली. मग म्हणाली, "मला एकडाव त्या गाडीवरनं म्हसवडला नीऊन आण. मग तू न्हेशील तितं येते."

"शब्द?"

"शब्द. पर नियम ठावा हाय न्हवं? लाल दिवा इझल्याबिगर गाडी फाटकाभाईर न्हाई."

ज्ञानदा हसली. एक दिवा विझवायचा, एवढंच तर काम होतं.

२

गाडी ट्रॅक्टरच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. ज्ञानदानं ताडपत्री ओढली, नवी बॅटरी बसवली, चावी फिरवली. लाल दिवा पेटला. दोन्ही ब्रेक दाबले. दिवा तसाच.

"विंजिनेरीणबाई," बांधापलीकडून धुळा म्हणाला. धुळा म्हणजे सुभेदारांचा बालमित्र. रोज सकाळी एक चहा आणि चार टोमणे हे त्याचं या घरातलं येणं. "तिकडं जर्मनीत ह्या रेड्याला काय म्हन्त्यात?"

"तिकडं असल्या गाड्या म्हातारेच चालवतात, काका."

"मग हितं काय तरणी चालवत हुती व्हय? अगं, ती येक काच फोड आन् दिवा काढून टाक. न्हाई दिवा, न्हाई नियम."

"तुमचा दात दुखला तर जीभ कापायची का?"

"माझ्या बायकूला इचार, ती व्हयच म्हनंल," धुळा म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर खोकेपर्यंत हसला. मग त्याची नजर गाडीवर गेली. "सुभेदार आसता तर आतापतूर मला पान्हा आनायला धाडलं आसतं."

ज्ञानदा मागून पुढं येत गेली, शिकवलं होतं तसं. मागच्या दिव्यात कुणीतरी, बहुतेक गाडी मोरीपासून घरी आणणाऱ्यानं, बाजारातला साधा, कमी वॅटचा बल्ब घातला होता. या गाडीत एक डबी असते. बत्तीतून वीज किती वाहते ते ती मोजते आणि कमी वाहिली की बल्ब गेला असं समजते. तिनं योग्य बल्ब घातला. अर्थिंगच्या तारेवर हिरवा गंज चढला होता, तो घासला. पुढच्या ब्रेकच्या मुठीतला इवलासा स्विच धुऊन घेतला. आता हातानं ब्रेक दाबला की मागं बत्ती लख्ख लागत होती.

उरला मागच्या ब्रेकचा स्विच. तो पायाच्या पॅडलपाशी, खाली, चिखलपाण्याच्या मार्गात. तिनं तो काढला तेव्हा त्यातून गढूळ थेंब ठिबकले. आतला दांडा तुटून पडलेला होता. मागचा ब्रेक लागेल, चाक थांबेल, पण गाडीला ते कळणार नाही. बत्ती लागणार नाही आणि लाल दिवा विझणार नाही. तिनं स्विचच्या दोन्ही तारांना वेगवेगळी टेप गुंडाळली, एकमेकींपासून दूर चौकटीला बांधून ठेवल्या आणि पुण्याला नवा स्विच मागवला.

दोष सापडला की ज्ञानदाला देव भेटल्यासारखं होई. त्या संध्याकाळी तिनं आईला मिठीच मारली. "दोषाला नेहमी कारण असतं, आई. कारण नाही असा दोषच नसतो."

विजयमाला तिच्या केसातली जळमटं काढत म्हणाली, "आसंल बाई."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानदा सहज शेडमध्ये गेली. रात्रीत बॅटरी उतरली नाही ना, एवढंच बघायचं होतं. तिनं सीटवर बसून चावी फिरवली. लाल दिवा पेटला.

मागं खराट्याची खरखर ऐकू आली आणि थांबली. तिनं वळून पाहिलं. आई गाडीच्या मागं उभी होती, खराटा हातात, पदर कमरेला खोचलेला. वर्षभरात पहिल्यांदा ती शेडमध्ये आली होती.

ज्ञानदानं सीटवर नीट बैठक घेतली. ती पुढं वळली आणि हातानं ब्रेक दाबला.

"लागली!" आई ओरडली. तोच जुना आवाज, खणखणीत.

ज्ञानदानं मूठ सोडली. तिचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

टक्.

"लागली!" आई म्हणाली.

आणि लाल दिवा विझला.

ज्ञानदा त्या काळ्या पडलेल्या काचेकडं बघत राहिली. तिनं चावी बंद केली, पुन्हा फिरवली. दिवा पेटला. हातानं ब्रेक दाबला, सोडला. "लागली." मग एक श्वास जाईल एवढी शांतता. खाली उजव्या बाजूला टक्. "लागली." दिवा विझला.

"आई, दुसऱ्यांदा का म्हणालीस?"

"दुसऱ्यांदा लागली म्हनून."

"मी मागचा दाबलाच नाही."

विजयमाला पुन्हा झाडायला लागली होती. खाली बघतच ती म्हणाली, "तू कशाला दाबशील?"

४

दिवसभर ज्ञानदा गाडीखाली होती. तारांवरची टेप जशीच्या तशी. मल्टिमीटर लावला, दोन टोकांमध्ये काही जोडलेलं नाही, नुसती हवा, असं तो सांगत होता. टाकीखालचा जोड तिनं उपसून काढला, म्हणजे त्या तारांचा गाडीशी काही संबंधच उरू नये. मोजणी करणारी डबी काढून हलवून पाहिली. डबीतला रिले, तो विजेवर चालणारा खटका, चिकटत असेल. सीटखाली कुठंतरी वायर घासून उघडी पडली असेल आणि कुणी मागं उभं राहिलं की फरशी दबून ती टेकत असेल. कुणी मागं उभं राहिलं की! स्वतःच्याच या वाक्यावर ती थांबली. फरशी सिमेंटची होती आणि गाडी स्टँडवर.

एक गोष्ट मात्र पक्की झाली. ती एकटी असताना दिवा विझत नव्हता. आई मागं आली की विझायचा.

दुपारी आई डोळा लागून पडली असताना ज्ञानदा पुन्हा शेडमध्ये गेली. पत्र्याखाली ऊन साचलं होतं. ऑइलचा आणि जुन्या रेक्झिनचा वास. ती सीटवर बसली, चावी फिरवली, पुढचा ब्रेक दाबला, सोडला. पाय वर घेतले. आणि वाट पाहिली.

पत्रा तापून कडकडला. कुठं तरी चिमणी हलली.

"आप्पा," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "आप्पा, मी आहे."

लाल दिवा तसाच राहिला. त्या काचेकडं बघता बघता तो मोठा झाला, पसरला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय. शिकलीसवरलेली बाई, एका न विझणाऱ्या दिव्यापुढं बसून रडतेय. तिला स्वतःचा राग आला. पण त्याहून जास्त राग आला तो आपल्यासाठी पॅडल न दाबणाऱ्याचा.

लहानपणी ती टाकीवर बसायची. पुढं ती, तिच्या मागं आप्पा, त्यांच्या मागं आई. हँडल तिच्या हातात आहे असं तिला वाटायचं. आप्पा हनुवटी तिच्या डोक्यावर टेकवून सांगायचे, "पुढचा ब्रेक तुजा, मागचा माजा. तू नुसतं म्होरं बघ." मोरी आली, वळण आलं की ती सगळा जीव एकवटून मूठ दाबायची, गाडी मऊ होत थांबायची, आणि ती आपणच थांबवली असं तिला खूप वर्षं वाटत होतं.

पार्सल आलं. नवा स्विच. ज्ञानदानं ते हातात घेतलं, हलवून पाहिलं आणि न फोडता कपाटात ठेवलं. स्विच बसवला की दिवा का विझतो हे विचारायची सोयच राहणार नव्हती. तिनं स्वतःला तसं सांगितलं. खरं कारण तिनं स्वतःलाही सांगितलं नाही.

आणि इकडं आई पालवली. अख्खी भाकरी खाऊ लागली. केस विंचरू लागली. रोज सकाळी खराटा घेऊन गाडीमागं उभी राहायची, "लागली" म्हणायची, आणि दुसऱ्यांदा म्हणताना तिच्या आवाजात लाज असायची, नव्या नवरीच्या असते तशी. धुळा म्हणाला, "वैनीनं तर लयच मनावर घेतलं गड्या! कोंबड्या बी आमच्या घरात आनून सोडल्या. म्हनली, संबाळा."

"माधवनगरला जायचंय ना, म्हणून," ज्ञानदा म्हणाली.

"तेच म्हनलं म्या. तर हासली."

त्याच दुपारी शेडच्या भिंतीपलीकडून तिला आईचा आवाज आला. हलका, घाईतला, नवराबायको घरातल्यांच्या आड बोलतात तसा. "मोरीपाशी थांबू. लेकरू ऱ्हाईल आपलं आपलं, तरणंताठं हाय. तितनं म्होरं मी तुमच्यासंगट."

मग पॅडलचा आवाज. टक्.

ज्ञानदा आत गेली तेव्हा आई फडक्यानं सीट पुसत होती.

"कुणाशी बोलत होतीस?"

"कुनाशी बोलनार? रेड्याशी."

"आई, म्हसवडहून आलो की माधवनगर. शब्द दिलायस."

"दिलाय की." विजयमालानं कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि तिच्या हातात ठेवल्या. "ह्या तुज्याकडं आसू दे. माझ्या ध्येनात ऱ्हात न्हाई."

किल्ल्या कोमट होत्या. ज्ञानदाला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. गाडी बिघडलीय, दिवा खोटा विझतोय, म्हसवडला एसटीनं जाऊ. एवढं बोलून झालं असतं. पण मग आई पुन्हा खांबाला टेकून बसणार आणि भाकरी पुन्हा अर्धी उरणार. आणि नसलेल्या स्विचला घाबरून घरात बसायचं, तर मग उद्या त्या पोरींना शिकवायचं तरी काय? असे सगळे मुद्दे तिनं मांडले, आणि ते सगळे खरे होते. त्यांच्याखाली एक साधी हाव होती. तिलाही एकदा तिघांनी जायचं होतं.

५

मायलेकी निघाल्या तेव्हा ऊन कोवळं होतं. आईनं आंब्याच्या रंगाचं लुगडं नेसलं होतं, हेल्मेट घातलं होतं, आणि नेहमीसारखी एका अंगाला पाय सोडून बसली होती. दिवा विझलेला होता. धुळानं फाटक उघडलं. "सिद्धनाथाला माजं नाव सांगा," तो म्हणाला, "न्हाई वळखलं तर उधारीवाला धुळा म्हना."

कडेगाव मागं पडलं. दोन्ही हातांना ऊस होता, मग विरळ झाला, मग संपला. माळ सुरू झाले, कुसळी गवत, मेंढरं, लांबवर फिरणाऱ्या पवनचक्क्या. इंजिन एका लयीत चाललं होतं. ज्ञानदा नुसती पुढं बघत होती.

पहिल्या वळणाला तिनं मूठ दाबायला बोटं उचलली, आणि त्याआधीच गाडी मऊ झाली. मागचं चाक कुणीतरी अलगद धरल्यासारखी. तिचा उजवा पाय पायठाणावर होता, पॅडलपासून दूर. वळण संपलं तसं चाक मोकळं झालं.

ब्रेकचं ऑइल जुनं आहे. पिस्टन अडकत असेल, ती मनाशी म्हणाली. पिस्टन अडकला तर वळणापुरता अडकत नाही, तेही तिला माहीत होतं.

पुढच्या वळणाला तेच झालं. त्याच्या पुढच्या वळणाला तिनं बोटं उचललीच नाहीत. आणि हळूहळू, लाज वाटावी असं एक सुख तिच्या अंगात पसरलं. खांदे सैल झाले. आपण किती थकलो होतो, किती वर्षं एकटीनं दोन्ही ब्रेक सांभाळत होतो, असं तिला वाटलं.

मायणी आली आणि गेली.

"आवं," मागून आई म्हणाली, "सावकाश की जरा."

ज्ञानदाला आई कधी आवं म्हणत नसे. ती या जगात एकाच माणसाला आवं म्हणायची.

तेव्हा ज्ञानदाच्या लक्षात आलं की घर सोडल्यापासून आईचा स्पर्श आपल्याला झालेला नाही. ना खांद्यावर हात, ना खड्ड्यात बसलेला धक्का. पाठीला कुठंच काही लागत नव्हतं, आणि तरी पाठीवर वारा येत नव्हता.

तिनं डाव्या आरशात पाहिलं. आई दिसली, पार मागं, सीटच्या टोकाला, आंब्याच्या रंगाचा पदर फडफडत. तिचा उजवा हात उचललेला होता. ज्ञानदाच्या खांद्याच्या बराच मागं आणि बराच वर, एखाद्या उंच माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा तो हात हवेत ठेवलेला होता. रस्ता खराब होता, गाडी उसळत होती; हात पडत नव्हता, उसळत नव्हता. बोटं आरामात वळलेली होती. अंगठा मात्र हलत होता, पुढंमागं, पुढंमागं, कॉलरवरची धूळ झटकावी तसा.

ज्ञानदानं नजर रस्त्यावर आणली. लाल दिव्याची काच काळी होती.

६

मोरी लांबूनच दिसली. पांढरा कठडा, बाजूला एक बाभळ. ती जागा तिनं फक्त फोनच्या काचेत पाहिली होती, तरी ओळखायला वेळ लागला नाही.

गाडी मऊ होऊ लागली.

"हां, हितंच," आई म्हणाली. तिच्या आवाजात इतका आनंद होता की ज्ञानदानं ॲक्सिलरेटर सोडलाच. वेग उतरला. कठडा जवळ येऊ लागला. आणि तिच्या हेल्मेटवर, वरून, अगदी हळू, काहीतरी टेकलं. हनुवटी टेकावी एवढं वजन.

ते वजन तिला माहीत होतं. तिचं सगळं अंग त्याच्याकडं गेलं. आता फक्त थांबायचं. पाय खाली टेकवायचे आणि मान वळवायची. विमान मिळालं नव्हतं, आग पेटताना हात जोडायला मिळालं नव्हतं, काचेतल्या त्या हलत्या तोंडावर बोट ठेवलं होतं तिनं. आता काच नव्हती. मान वळवली की झालं.

मागं आई पदर सावरत होती. उतरायच्या आधी बायका सावरतात तसा. एक पाय तिनं पायठाणावरून काढलाही होता, जमीन चाचपत.

आई उतरणार. मग आपण मान वळवू, पाहू, आणि मग माधवनगरच्या दोन खोल्यांत एकटीच राहू.

ज्ञानदानं ॲक्सिलरेटरची मूठ पिळली.

इंजिन गरजलं, पण गाडी पुढं गेली नाही. मागचं चाक कुणीतरी घट्ट धरलेलं होतं. फौजेत तयार झालेला, ट्रक उतारावर रोखून धरणारा तो पाय तिला माहीत होता. तिचा हात त्याच्याशी झुंजायला लागला. जळक्या ब्रेकचा वास आला. गाडी थरथरत, अंगावर आल्यासारखी, इंचाइंचानं मोरीवरून सरकू लागली.

"ज्ञानू, थांबव," आई म्हणाली. मग ओरडून, "थांबव गं! आवं, सांगा की तिला!"

कुणी काही सांगितलं नाही. हनुवटी तेवढी दाबली गेली, जराशी, समजूत घालावी तशी. पुढचा तुझा, मागचा माझा. तू नुसतं म्होरं बघ.

"आप्पा, सोडा," ज्ञानदा म्हणाली. हेल्मेटच्या आत तिचा आवाज तिलाच परका वाटला. "एवढी एकच राहिलीय मला. सोडा ना."

तिनं मूठ शेवटपर्यंत पिळली.

डोक्यावरचं वजन उचललं गेलं. इतक्या हलक्या हातानं उचललं गेलं की तिच्या तोंडून हुंदका फुटला. मागचं चाक सुटलं, गाडी उसळून पुढं धावली, आणि तिच्या पुढ्यात लाल दिवा पेटला.

वारा एकदम पाठीवर आला. थंड, माळावरचा. कठडा मागं पडला. बाभळ मागं पडली. डाव्या आरशात काहीतरी पांढरं उभं राहिल्यासारखं वाटलं, तशी तिनं डावा हात सोडून आरसा वर ढकलला, आभाळाकडं.

मग पाठीत पहिली बुक्की बसली.

सीटवर पुढं सरकून आली होती आई, अगदी भिडून. "सटवे!" ती रडत होती. "हुबं हुतं गं ते! हुबं हुतं!" दुसरी बुक्की बसली, तिसरी बसली. कांकणं मणक्यावर वाजत होती. वर्षभर अर्ध्या भाकरीवर जगलेल्या बाईच्या अंगात एवढं बळ कुठून आलं होतं कोण जाणे. प्रत्येक घाव थेट हाडापर्यंत उतरत होता, कारण मधे आता कुणीच नव्हतं.

"मार, आई," ज्ञानदा म्हणत होती. तिला पुढचा रस्ता धड दिसत नव्हता आणि मूठ ती सोडत नव्हती. "मार. मार."